कालवड घरची की बाजारातली?

मित्रहो, ‘घरची कालवड फुकटात तयार होते’ हे वाक्य दूधउत्पादकांच्या प्रत्येक बैठकीत कानावर पडते, म्हणून आज त्या ‘फुकटा’चाच हिशेब मांडू. संकरित होल्स्टीनची कालवड जन्मताना साधारण ३० किलोंची असते आणि वजन २५० किलोंच्या पुढे गेले की रेतनाला योग्य होते. रोज ५०० ग्रॅम वाढ मिळाली, तर हे वजन पंधरा महिन्यांत भरते आणि सव्वानऊ महिन्यांचा गाभणकाळ धरून ती दोन वर्षांच्या आसपास विते. वाढ ३०० ग्रॅमवर रेंगाळली, तर तेवढ्याच वजनाला ७५० दिवस लागतात. म्हणजे दहा महिन्यांची वैरण, खुराक आणि मजुरी वाढते, जी वहीत कोणीच लिहीत नाही.

ही वाढ खुंटते ती बहुधा पहिल्या दोन महिन्यांत. वासराला आईच्या पोटात रोगप्रतिकारशक्ती मिळत नाही, ती चिकातून, म्हणजे विल्यानंतरच्या पहिल्या दुधातून मिळते, आणि चिकातली ती द्रव्ये आतड्यातून रक्तात जाण्याची वाट पहिल्या दिवसातच बंद होत जाते. तरीही वार (विल्यानंतर बाहेर पडणारे गर्भाचे वेष्टन) पडेपर्यंत चीक पाजायचा नाही, असे मानणारी घरे आजही आहेत. वार पडायला आठ-दहा तास लागले, तर तेवढा अमूल्य वेळ वाया जातो. पुढे सगळे दूध संकलन केंद्रावर जाते, आणि दावणीच्या टोकाला राठ केसांचे, पोट सुटलेले वासरू उभे राहते.

मग विकत घ्यावी का? बाजारात कास भरलेली दिसावी म्हणून आदल्या दिवसापासून धार न काढलेली गाय उभी असते. रुमालाखाली बोटे धरून भाव ठरतो, पण तिचे मागचे वेत कोणी सांगत नाही. (दात मोजून वय तेवढे कळते.) त्याहून मोठा धोका सांसर्गिक गर्भपाताचा, म्हणजे ब्रुसेलोसिसचा आहे. त्याची लस चार ते आठ महिन्यांच्या कालवडीलाच, आयुष्यात एकदा देतात. विकतच्या गाभण जनावराचे ते वय उलटलेले असते. शिवाय २०२२ मध्ये लम्पी या जनावरांच्या साथीच्या त्वचारोगामुळे राज्यातले जनावरांचे बाजार बंद झाले, तेव्हा बाजारावरच विसंबलेल्यांचे हाल झाले.

माझे मत असे की, ज्याच्याकडे स्वतःची वैरण आहे आणि जो दर महिन्याला छातीचा घेर मोजून वजनाची नोंद ठेवतो, त्याने कालवड घरीच वाढवावी. दोन-तीन गाई आणि विकतची वैरण असलेल्याने मात्र ओळखीच्या गोठ्यातली गाभण कालवड, लसीची नोंद पाहून आणि रक्ततपासणी करून घ्यावी. ती तपासणी विल्यानंतर पुन्हा करावी, कारण लागण झालेली कालवड कधीकधी पहिल्या वेतापर्यंत निर्दोष दिसते. तोवर तिची वार आणि व्यायल्या जागेची घाण उघड्या हातांनी उचलू नये, कारण हा रोग माणसालाही होतो.