दहा मिनिटं थांब, माय

दृश्य : जालना. सकाळची उन्हं. लॅबबाहेरच्या बाकावर नऊवारीतल्या दोन बाया, मांडीवर पिशव्या.

निवेदन :
बोटाला सुई टोचायची. पिपेटमध्ये वीसच्या खुणेपर्यंत रक्त ओढायचं, ते आम्ल घातलेल्या नळीत सोडायचं आणि घड्याळाकडे बघायचं. दहा मिनिटं. तेवढ्या वेळात रक्त तपकिरी होतं. मग डिस्टिल्ड वॉटरचा एकेक थेंब घालत, ढवळत, तो रंग शेजारच्या काचेच्या रंगाशी जुळवायचा. जुळला की नळीवरचा आकडा वाचायचा. हे झालं हिमोग्लोबिन. साहलीची पद्धत म्हणतात हिला.

घाई केली, तर आकडा खऱ्यापेक्षा कमी येतो. पण बाहेर रांग लागलेली असताना दहा मिनिटं थांबतं कोण?

आई थांबायची.

समोरची बाई चुळबुळायची. "एवढ्याशा रगताला एवढा येळ कामून लागतो बाई? एसटी जाईल की."
"दहा मिनिटं थांब, माय. कधी निघालीस घरून? काय खाल्लंस?"

त्या दहा मिनिटांत आई सगळं काढून घ्यायची. पाळी कशी जाते, लेकरं किती, धाकटं अंगावर पितं का. मंठा, अंबड, घनसावंगीकडच्या या बाया. दिवाळीच्या सुमारास बिऱ्हाड बैलगाडीत नाहीतर ट्रकमध्ये घालून ऊसतोडीला साखर कारखान्यावर जायचं, उन्हाळ्याच्या तोंडाशी परत यायचं. नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल आधीच घेतलेली, म्हणून आजारी पडायचीही सोय नाही. त्यातली एखादी पोटुशी असली की आईचा चेहरा बदलायचा. गरोदर बाईचं हिमोग्लोबिन ११ तरी हवं. ७ च्या खाली गेलं, की जिवाशी गाठ. तसा आकडा आला तर रिपोर्ट बाईच्या हातात न देता आई स्वतः उठून डॉक्टरांच्या टेबलावर ठेवून यायची. नियमात ते बसत होतं की नाही, कोण जाणे.

दृश्य : जुना एकडोळी मायक्रोस्कोप. खाली आरसा, बाजूला तेलाची बाटली.

निवेदन :
बारावीनंतर आईनं तेव्हाच्या औरंगाबादेत डीएमएलटी, म्हणजे लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा केला. घरी वाटत होतं पोरीनं नर्सिंग करावं. आमच्या ख्रिस्ती समाजात तोच रुळलेला रस्ता होता. तिला मायक्रोस्कोप हवा होता. पेशंट मात्र तिला जन्मभर सिस्टरच म्हणाले, आणि तिनंही कुणाला दुरुस्त केलं नाही.

पुढे लॅबमध्ये सेल काउंटर आला. मिनिटाभरात सगळे आकडे कागदावर. साहलीची नळी कपाटात गेली, त्याचं आईला वाईट वाटलं नाही. उलट ती मशीनवर खूश होती. विश्वास मात्र अर्धाच.

एका पावसाळ्यात डेंग्यूची साथ होती. एका पोराच्या प्लेटलेट्स चाळीस हजार आल्या. बाप रडकुंडीला, कुणीतरी गाडी ठरवायला निघालेलं. आईनं त्याच रक्ताचा थेंब काचेवर ओढला, वाळवला, रंगवला आणि कडेपर्यंत नजर फिरवली. काचेच्या शेपटाकडे प्लेटलेट्सचे झुबके. जांभळ्या झाकणाच्या बाटलीतल्या रसायनानं काहींच्या प्लेटलेट्स एकमेकींना चिकटतात. मशीनला तो अख्खा झुबका प्लेटलेट म्हणून दिसतच नाही, म्हणून आकडा पडतो. आईनं वेगळं रसायन असलेल्या निळ्या झाकणाच्या बाटलीत पुन्हा रक्त घेतलं. प्लेटलेट्स दीड लाखाच्या वर निघाल्या. गाडी परत पाठवली.

"डोळ्यांनी बघितल्याशिवाय मी सही करत नाही," एवढंच म्हणाली. बापाला तर काय झालं होतं तेही नीट कळलं नसावं. लॅबवाल्यांचं असंच असतं. बोर्डावर नाव डॉक्टरांचं. रिपोर्टच्या खालच्या कोपऱ्यात एक सही, ती कुणी वाचत नाही.

दृश्य : चर्चचं आवार. संडेस्कूलची मुलं रांगेत, कुणाच्या हातात चांदणीचा कागद.

निवेदन :
जालन्याला ख्रिस्ती वस्ती जुनी. एकोणिसाव्या शतकात रेव्हरंड नारायण शेषाद्री या मिशनऱ्यांनी इथून जवळच बेथेल नावाचं गाव वसवलं. आमच्या चर्चमध्ये अजूनही ना. वा. टिळकांची भजनं पेटी-तबल्यावर होतात. आईचा आवाज बेताचाच. कॅरलच्या रात्री ती गाणाऱ्यांत नसायची, कंदील धरून पुढे चालायची आणि कुठल्या घरी म्हातारं माणूस आजारी आहे, तिथे तबला हळू वाजवा, हे सांगायची.

संडेस्कूलच्या पोरांना तिची एक सवय पाठ होती. "सलाम, मावशी" म्हणत पोर पुढे आलं की ही आधी त्याच्या डोळ्याची खालची पापणी ओढून बघणार. आतून पांढुरकी दिसली की उपासनेनंतर त्याच्या आईला गाठणार. मग जंताची गोळी, पालेभाजी, गूळ-शेंगदाणे. माझी पापणी तर रोज ओढली जायची. शाळेतून मी थेट लॅबमध्ये यायचे. गृहपाठ तिथेच, रिकाम्या रॅकशेजारी. तिला वेळ असला तर कांद्याचा पापुद्रा लेन्सखाली ठेवून दाखवायची. नसला तर "हात लावू नकोस" एवढंच.

तोंडाची ती पक्की होती. अख्ख्या गावाची रक्तं-लघव्या तिच्या हाताखालून जायच्या. बेडक्याच्या तपासणीत निळ्या पार्श्वभूमीवर टीबीचे लाल जंतू कुणाच्या काचेवर दिसले, हे तिला सर्वांत आधी कळायचं. चर्चबाहेर बायका आडून आडून विचारायच्या. उत्तर ठरलेलं, "डॉक्टरांना विचारा." एकदा नात्यातल्याच एकीनं होणाऱ्या जावयाबद्दल विचारलं. तेच उत्तर मिळालं. ती बाई पुढे कित्येक वर्षं आमच्याकडे नाताळच्या फराळाला आली नाही. आई मात्र दर नाताळला करंज्यांचा डबा तिच्याकडे पाठवत राहिली.

गेल्या पावसाळ्यात आई गेली. स्मरण उपासनेत पाळकसाहेबांनी तिला त्यागमूर्ती म्हटलं. प्रेमानंच म्हटलं. पण मला ते पटलं नाही, आणि ही फिल्म करण्याचं तेही एक कारण आहे. आईनं फारसा कशाचा त्याग केला नाही. स्वयंपाकाचा तिला कंटाळा होता, तो तिनं लपवला नाही. वडील भाकरी शिकले. नाइट ड्युटी असली की ती उत्साहानं निघायची. तिला तिचं काम आवडायचं, माणसं आवडायची आणि हिशेब जुळलेला आवडायचा. याला त्याग म्हटलं की तिचा आनंदच खोडून टाकल्यासारखं होतं.

दृश्य : कापणीचा सण. वेदीपुढे ज्वारीची कणसं, भोपळे, पाय बांधलेला कोंबडा. लिलावाचा गलका.

निवेदन :
कापणीच्या सणाला लोक शेतातलं, घरातलं काहीबाही आणून वाहतात आणि उपासनेनंतर आवारात त्याचा लिलाव होतो. एखादं साधं अंडंसुद्धा भाव खाऊन जातं, कारण घेणारा पैसे भरून ते परत देवाला देतो, की पुन्हा बोली सुरू. वहीवर वर्षानुवर्षं आई बसायची. यंदा मंडळींनी मला बसवलं.

संध्याकाळी पैसे मोजले. वहीपेक्षा वीस रुपये जास्त.

"जास्तच आहेत ना, कमी तर नाहीत. जाऊ द्या," खजिनदार म्हणाले. तोवर महिला मंडळातल्या दोघी पदर खोचून पुन्हा सतरंजीवर बसल्याही होत्या. "मावशीनं जाऊ दिलं असतं व्हय?" चिठ्ठ्या परत लावल्या, बोली लावणाऱ्यांना फोन केले. अंडं तिसऱ्यांदा विकलं गेलं होतं, ते कुणी लिहिलंच नव्हतं.