दाबोळीची धावपट्टी

[दृश्य: सकाळ. वास्कोहून बोगमाळोकडे जाणारा रस्ता. शाळेची बस वळते.]

निवेदन:

गोव्यात वास्कोहून बोगमाळोच्या किनाऱ्याकडे निघालं की वाटेत नौदलाचं विमान संग्रहालय लागतं. आम्ही वास्कोवाले घरी पाहुणे आले की त्यांना आधी इथे आणतो आणि मग समुद्रावर नेतो. मुलं विमानांच्या पोटाखालून पळत सुटतात, मागून आयांचा ओरडा, कुणाची तरी टोपी वाऱ्याने उडते. पाट्या मात्र कुणी वाचत नाही.

आज आपण वाचूया. हे सी हॉक, ब्रिटिश. हे आलिझे, फ्रेंच. ते लांबलचक, तीन शेपटांचं, चार पंख्यांचं सुपर कॉन्स्टेलेशन, अमेरिकी. एके काळी एअर इंडियाचे प्रवासी वाहायचं, म्हातारपणी नौदलात आलं. हे कामोव्ह हेलिकॉप्टर, सोव्हिएत. आणि हे सी हॅरियर, पुन्हा ब्रिटिश.

नौदल एकच, आणि सोयरीक मात्र गावभर!

परराष्ट्र धोरण समजून घ्यायला माणसं नेत्यांची भाषणं वाचतात. भाषणं वाचावीत, पण भाषणात सगळेच सगळ्यांचे मित्र असतात. विमानाचं तसं नसतं. ते विकत घ्यावं लागतं, मग तीस वर्षं त्याचे सुटे भाग मागत बसावं लागतं. ज्याच्याकडे मागायचे, त्याच्याशी जपून बोलावं लागतं.

[दृश्य: संग्रहालयाच्या कुंपणापलीकडे विमान उतरताना. आवाज.]

कुंपणापलीकडे दाबोळीचा विमानतळ. ही धावपट्टी पोर्तुगिजांची. १९५० च्या दशकात भारताने गोव्याची नाकेबंदी केली. रेल्वे थांबली, सरहद्द बंद झाली. लिस्बनच्या पोर्तुगीज सरकारला धडा शिकवायचा बेत होता. झालं असं, की बटाटे हॉलंडहून यायला लागले, चहा सिलोनहून, सिमेंट जपानहून. बेळगाव हाकेच्या अंतरावर आणि बटाटा युरोपातून! दाबोळीहून विमानं कराचीला जायला लागली. जुनी माणसं त्या बटाट्यांची गोष्ट अजून सांगतात, तक्रार म्हणून नाही, जरा ऐटीतच.

नेहरूंची अडचण मोठी होती. कोरिया असो की सुएझ, जगाला शांततेचा सल्ला देणारा देश म्हणून भारताचं नाव झालेलं. १५ ऑगस्ट १९५५ ला पत्रादेवीच्या सीमेवर निःशस्त्र सत्याग्रहींवर पोर्तुगीज पोलिसांनी गोळ्या झाडल्या, वीसहून अधिक माणसं गेली. महाराष्ट्रातून तुकड्यांमागून तुकड्या आल्या होत्या. नानासाहेब गोरे, सेनापती बापट, मधू लिमये. तरीही दिल्लीने सैन्य हलवलं नाही. उलट सत्याग्रहच थांबवला. गोव्यात ह्याचा राग आजही निघतो, आणि तो मला पटतो.

त्याच वर्षाच्या डिसेंबरात अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री डलेस ह्यांनी पोर्तुगालच्या मंत्र्यासोबत काढलेल्या निवेदनात गोव्याचा उल्लेख पोर्तुगालचा प्रांत असा झाला. पोर्तुगाल नाटोचा संस्थापक सदस्य, अमेरिका त्याला दुखावणार नव्हती. नेमके तेव्हाच क्रुश्चेव्ह आणि बुल्गानिन भारताच्या दौऱ्यावर होते आणि गोव्याच्या बाजूने जाहीर बोलत होते. दोन बाजूंत न जाणाऱ्या देशाला एका बाजूने हात दिला, दुसरीने झिडकारलं. हिशेबाची वही तिथे उघडली गेली.

[दृश्य: जुनी छायाचित्रं. मांडवीचा काठ, सैनिक, गर्दी.]

मग १९६१. अंगोलात पोर्तुगिजांविरुद्ध उठाव पेटला. सप्टेंबरात बेलग्रेडला अलिप्त राष्ट्रांची पहिली परिषद झाली. ऑक्टोबरात दिल्लीत पोर्तुगीज वसाहतींवर चर्चासत्र भरलं, तिथे आफ्रिकेतल्या नेत्यांनी भारताला तोंडावर विचारलं, की तुमच्या दारातली वसाहत तुम्ही हलवत नाही, तर आम्ही कुणाच्या जोरावर लढायचं? शांततेच्या ज्या पुण्याईमुळे नेहरू चौदा वर्षं थांबले, तीच आता आफ्रिकेत घटत चालली होती.

१८ डिसेंबरच्या सकाळी भारतीय हवाई दलाची बारा कॅनबेरा विमानं दाबोळीवर आली. धावपट्टी फोडा, इमारतींना हात लावू नका, असा हुकूम होता. कॅनबेरा ब्रिटिश बनावटीची. म्हणजे नाटोच्या एका सदस्याची धावपट्टी नाटोच्याच दुसऱ्या सदस्याच्या विमानांनी फुटली. त्या रात्री अंधारात दोन पोर्तुगीज प्रवासी विमानं त्याच फुटक्या धावपट्टीवरून कशीबशी उडाली आणि कराचीला पोचली. वैमानिकाच्या हिमतीला दाद द्यायला हवी, मग तो कुणाच्याही बाजूचा असो. दुसऱ्या दिवशी, १९ डिसेंबरला, गव्हर्नर जनरल वासालो इ सिल्व्हा ह्यांनी शरणागती पत्करली. लिस्बनचा हुकूम शेवटच्या माणसापर्यंत लढण्याचा होता. त्यांनी तो मानला नाही, आणि त्यामुळे पणजी वाचली.

तिकडे न्यूयॉर्कला सुरक्षा परिषदेत वेगळंच नाट्य. अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स आणि तुर्कस्तानचा ठराव, की भारताने सैन्य मागे घ्यावं. अमेरिकेचे स्टीव्हन्सन म्हणाले, ह्या नाटकाचा शेवट संयुक्त राष्ट्रांच्या मरणात होऊ शकतो. भारताचे प्रतिनिधी सी. एस. झा ह्यांचा मुद्दा साधा होता: आपल्याच भूमीवर आक्रमण कसलं? ठरावाच्या बाजूने सात मतं, विरोधात चार: सोव्हिएत संघ, सिलोन, लायबेरिया आणि संयुक्त अरब प्रजासत्ताक, म्हणजे तेव्हाचा इजिप्त. सोव्हिएत मत नकाराधिकाराचं, म्हणून ठराव पडला.

गोवा त्या रात्री एका मतावर तरला. आणि ते मत फुकटचं नव्हतं.

[दृश्य: काळा पडदा. फक्त तारीख: १९ नोव्हेंबर १९६२.]

अकरा महिने. स्टीव्हन्सन ह्यांच्या त्या भाषणानंतर फक्त अकरा महिने. चिनी फौजा ईशान्येत उतरल्या होत्या आणि नेहरूंनी केनेडींना पत्र लिहिलं: लढाऊ विमानांच्या बारा तुकड्या पाठवा, अमेरिकी वैमानिकांसह. अलिप्ततेचा शब्द पुढेही भाषणांत राहिला, पण ज्यांनी तो घडवला त्यांनीच एका रात्री तो बाजूला ठेवला होता. मला ह्यात ढोंग दिसत नाही. घरात पाणी शिरलेला माणूस शेजाऱ्याची जात विचारत नाही.

[दृश्य: पुन्हा संग्रहालय. सुपर कॉन्स्टेलेशनच्या सावलीत बसलेली मुलं डबे उघडताहेत.]

ह्या कॉन्स्टेलेशनच्या सावलीला जरा बसूया. १९७६ च्या सुमारास नौदलाने हे सागरी टेहळणीला घेतलं. पुढच्याच वर्षी दाबोळीवर सोव्हिएत इल्युशिन ३८ ही टेहळणी विमानं दाखल झाली. त्याआधी काय घडलं होतं? ऑगस्ट १९७१ चा भारत-सोव्हिएत मैत्री करार, बांगलादेशचं युद्ध, बंगालच्या उपसागरात आलेलं अमेरिकी आरमार. गंमत अशी, की इल्युशिनचं पथक ऑक्टोबर १९७७ मध्ये उभं राहिलं, तेव्हा दिल्लीत जनता पक्षाचं सरकार होतं आणि परराष्ट्रमंत्री होते अटलबिहारी वाजपेयी. त्यांनी 'खरीखुरी अलिप्तता' आणायचं वचन दिलं होतं. विमानं मात्र मॉस्कोचीच आली. सरकार पाच वर्षांत बदलतं, विमानाचा सौदा बदलत नाही.

मधल्या काळात पोर्तुगालमध्येही उलथापालथ झाली. एप्रिल १९७४ च्या क्रांतीने तिथली हुकूमशाही गेली, आणि ३१ डिसेंबरला दिल्लीत मारिओ सोआरिस आणि आपले यशवंतराव चव्हाण ह्यांनी करारावर सह्या केल्या. गोवा भारताचा, हे लिस्बनने तेरा वर्षांनी मान्य केलं.

१९८३ हे दाबोळीचं सगळ्यात गजबजलेलं वर्ष म्हणायला हरकत नाही. मार्चमध्ये इंदिराबाई अलिप्त राष्ट्रांच्या अध्यक्ष झाल्या. नोव्हेंबरात राष्ट्रकुल परिषदेचे नेते दिल्लीतली बैठक मधेच सोडून निवांत बोलायला गोव्यात आले, आग्वादच्या टेकडीवर मुद्दाम बांधलेल्या घरांत उतरले. थॅचरबाई त्यांच्यात होत्या. रस्ते चकाचक झाले, भिंतींना रंग लागला. आणि परिषदेला महिनाही उलटला नव्हता, तोच १६ डिसेंबरला ब्रिटनहून निघालेली पहिली तीन सी हॅरियर दाबोळीवर उतरली. शेजारी सोव्हिएत इल्युशिन उभीच होती. अलिप्तता कशाशी खातात हे कुणाला दाखवायचं असतं, तर त्या दिवशी दाबोळीला उभं करायचं.

[दृश्य: चिखलीतलं एक घर. व्हरांडा, आरामखुर्ची, भिंतीवर कुवेतच्या कंपनीचं जुनं कॅलेंडर.]

आमच्या चिखलीतल्या ह्या काकांना परराष्ट्र धोरण हा शब्द आवडत नाही. ते कुवेतला होते. २ ऑगस्ट १९९० ला इराकी रणगाडे शिरले तेव्हा ते घराच्या गच्चीवर उभे होते. बगदादला जाऊन परराष्ट्रमंत्री गुजराल सद्दामला मिठी मारतात, तो फोटो जगाने नावं ठेवत पाहिला. काका म्हणतात, "बाबा, त्या मिठीत आमी एक लाख जण आसलों." एअर इंडियाने अम्मानहून लाखाहून अधिक माणसं आणली, ती मुंबईला. तिथून काका कदंबाच्या बसने घरी आले, हातात एकच बॅग.

पुढच्या वर्षी जानेवारीत ह्याच भारताने आखाती युद्धाला निघालेल्या अमेरिकी विमानांना आपल्या विमानतळांवर इंधन भरू दिलं. गवगवा झाल्यावर बंदही केलं. त्याच वर्षी देशाचं सोनं गहाण पडलं आणि सोव्हिएत संघ नकाशावरून गेला. नकाराधिकार वापरणारा मित्रच उरला नव्हता.

१९९८ ला पोखरण झालं, अमेरिकेचे निर्बंध आले, नौदलाच्या सी किंग हेलिकॉप्टरांचे सुटे भाग अडले. ज्याच्याकडे चावी त्याच्याकडे घर, हे तेव्हा पक्कं कळलं. त्यानंतर दिल्ली कुठल्याही एका दुकानातून सगळा बाजार करत नाही.

[दृश्य: बाणावलीचा किनारा. मागे हॉटेलची भिंत, पुढे रापण ओढणारे.]

ऑक्टोबर २०१६, बाणावली. ब्रिक्स परिषद. शी जिनपिंग, पुतिन, सगळे इथे. उरीच्या हल्ल्याला महिना झालेला. मोदींनी पुतिनसमोर रशियन म्हण म्हटली, दोन नव्या मित्रांपेक्षा एक जुना मित्र बरा, आणि एस-४०० क्षेपणास्त्र यंत्रणेचा करार झाला. त्याच वर्षी मे महिन्यात दाबोळीवर सी हॅरियरना निरोप दिला गेला होता आणि त्यांच्या पथकाने रशियन मिग-२९के घेतली होती. पाहणाऱ्याला वाटावं, चक्र फिरून मॉस्कोलाच आलं.

[दृश्य: दाबोळीची धावपट्टी, शेवटी वर उचललेला उतार.]

पण २०२२ बघा. जानेवारीत फ्रेंच रफाल-एम लढाऊ विमान दाबोळीला आलं. इथे नौदलाचा एक उतार आहे, विमानवाहू जहाजाच्या तोंडासारखा वर उचललेला, त्यावरून उडायची परीक्षा द्यायला. फेब्रुवारीत रशियाने युक्रेनवर हल्ला केला. २५ तारखेला सुरक्षा परिषदेत त्यावर मतदान आलं. रशियाने नकाराधिकार वापरला, भारत तटस्थ राहिला. साठ वर्षांपूर्वीचं ते मत कुणाला आठवलं नसेल असं मला वाटत नाही. आणि मार्चच्या २९ तारखेला ह्याच दाबोळीवर अमेरिकी पी-८आय टेहळणी विमानांचं पथक उभं राहिलं, इल्युशिनच्या कामावर. मे-जूनमध्ये अमेरिकी एफ-१८ येऊन त्याच उतारावरून उडालं.

न्यूयॉर्कमध्ये मॉस्कोला दुखवायचं नाही, दाबोळीला मॉस्कोच्या विमानाची जागा अमेरिकी विमानाला द्यायची. टीकाकार ह्याला दुटप्पीपणा म्हणतात, दिल्लीत शब्द चालतो 'व्यूहात्मक स्वायत्तता'. आमच्याकडे बाजारात मासळी घेणारी बाई ह्याला नाव देत नाही. चार पाट्या बघते आणि मग भाव करते.

फरक एकच, पण मोठा. १९६१ ला भारत मतासाठी दारोदार होता. आता विकणारे स्वतः विमान घेऊन दाबोळीला येतात आणि उडवून दाखवतात.

ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटची इल्युशिन निवृत्त झाली. २००२ मध्ये पथकाच्या रौप्यमहोत्सवी दिवशी ह्यांतली दोन विमानं दाबोळीच्या आकाशात एकमेकांवर आदळली होती. वास्कोत त्या दिवशी कोण कुठे होतं, हे अजून लोक सांगतात. एप्रिल २०२५ ला २६ रफाल-एमचा करार झाला.

[दृश्य: दाबोळीचं प्रवासी टर्मिनल. बसमध्ये उभी माणसं, हातात काजूच्या पिशव्या.]

मोपाचा नवा विमानतळ सुरू झाला तरी दाबोळीची गर्दी आहेच. बसमधून विमानाकडे जाताना लांबवर राखाडी विमानं दिसतात. फोटो काढायला बंदी, तरी मान सगळ्यांची तिकडेच. परवा एक म्हातारी नातवाला विचारत होती, "हें खंयचें रे?"

नातवाने फोनमधून डोकं न काढता सांगितलं, "आमचेंच, आजी."

[दृश्य: संग्रहालय, संध्याकाळ. सी हॅरियरच्या पंखाखाली मांजर झोपलेलं. पहारेकरी फाटक ओढून घेतो.]