हेन्रिएटा स्ट्रीटची निळी भिंत

श्रोतेहो, नमस्कार.

आज मी तुम्हांला आयर्लंडच्या डब्लिन शहरात, हेन्रिएटा स्ट्रीटवरील 14 क्रमांकाच्या घरात नेणार आहे. हे जॉर्जियन घर आहे, म्हणजे 1714 ते 1830 या काळात ब्रिटनच्या गादीवर ओळीने बसलेल्या चार जॉर्ज राजांच्या वेळच्या बांधणीचे. बाहेरून विटांची साधी, सपाट भिंत आणि वर-खाली सरकणाऱ्या तावदानांच्या उंच खिडक्या. सगळा थाट मात्र आत, उंच छतांत, गिलाव्याच्या नक्षीत आणि रुंद जिन्यात.

ल्यूक गार्डिनर यांनी 1740च्या दशकाच्या अखेरीस हे घर बांधले आणि त्यात प्रथम राहायला आले लॉर्ड रिचर्ड मोल्सवर्थ. हे आडनाव ऐकताच मराठी शब्दकोशकार मोल्सवर्थ आठवतात. पुढे 1801 साली आयर्लंडची संसद संपुष्टात आली, उमराव मंडळी हळूहळू लंडनकडे वळली, आणि या घरात कधी न्यायालय भरले, तर कधी सैनिक राहिले. 1877 साली थॉमस व्हान्स नावाच्या घरमालकाने तो भव्य जिना काढून टाकला, कारण जिन्याच्या जागेतही खोल्या बसत होत्या, आणि घराची एकोणीस बिऱ्हाडे केली. 1911च्या जनगणनेत येथे शंभर माणसे होती. पुन्हा सांगतो, एका कुटुंबासाठी बांधलेल्या घरात शंभर माणसे.

मी ते घर पाहायला गेलो, तेव्हा आमच्या गटात दहा-बारा जण होते. वरच्या मजल्यावरील दालने पाहून आम्ही खाली उतरत होतो आणि बिऱ्हाडांच्या काळातील रंग अजूनही अंगावर वागवणाऱ्या भिंतींपाशी मार्गदर्शक बाई थांबल्या. एक रंग तांबडा होता आणि दुसरा असा निळा, की माझे पाय तिथेच थबकले. हा निळा रंग कशाचा असेल, असे त्यांनी विचारले. माझ्या तोंडून एकदम मराठीतच शब्द निघाला, "नीळ!" आमच्या गावच्या घरी दिवाळीपूर्वी आजी चुन्यात नीळ कालवून ओटीच्या भिंती रंगवून घेत असे आणि खालचा पट्टा गेरूचा असे. तोच निळा, तोच तांबडा. बाईंनी सांगितले की ही रेकिट कंपनीची कपड्यांची नीळ, आणि तांबडा रंग म्हणजे तिकडचा गेरूच. आपल्याकडची रॉबिन नीळ त्याच रेकिटची, हे मी त्यांना सांगितले. तेवढ्यात गटातील एक वृद्ध आयरिश आजी पुढे आल्या. काही न बोलता त्यांनी हवेतच फडक्यात नीळ बांधल्यासारखी पुरचुंडी केली, ती पाण्यात बुचकळल्यासारखी दोनदा हलवली आणि माझ्याकडे पाहिले. माझी आजी अगदी तशीच करी, तसेच दोन हेलकावे देऊन. मीही हाताने तसेच करून दाखवले, आणि त्या आजींनी माझा हात हातात घेऊन कितीतरी वेळ सोडला नाही.

शेवटची कुटुंबे 1970च्या दशकाच्या अखेरीस तेथून गेली. डब्लिन महापालिकेने दहा वर्षांहून अधिक काळ दुरुस्ती करून 2018 साली हे घर संग्रहालय म्हणून लोकांसाठी उघडले, आणि जुन्या रहिवाशांच्या आठवणी त्यात गोळा केल्या. दुरुस्ती करणाऱ्यांनी उमरावाच्या काळाची नक्षी जपली, तशीच नीळही जपली. खरवडून सगळे घर पुन्हा 1748 सालचे करण्याचा मोह त्यांनी टाळला, हे मला या कामातील सर्वांत मोठे शहाणपण वाटते. जाता जाता सांगतो, आपल्याकडील जुन्या चुन्याच्या भिंतींना कृपा करून ऑइल पेंट देऊ नका. आतली ओल कोंडते आणि गिलावा फुगून सुटतो.

शेजारचे 15 क्रमांकाचे घरही याच बांधणीचे. तेथे इलन पाइप्स, म्हणजे बॅगपाइपचा आयरिश प्रकार, वाजवणाऱ्यांची संस्था आहे. हे वाद्य फुंकायचे नसते. कोपराखालच्या भात्याने त्यात हवा भरतात. उमरावांच्या मेजवान्यांसाठी बांधलेल्या त्या उंच छताखाली आज मुले खुर्च्यांवर बसून भाता कसा दाबायचा, हे शिकतात.

नमस्कार.