बोरिवलीच्या जंगलात बिबट्या सोडून काय बघायचं?

नमस्कार मंडळी! मागचा आवाज येतोय ना? तो पश्चिम द्रुतगती महामार्ग. मी उभा आहे बोरिवली पूर्वेला, संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या गेटाशी. स्टेशनवरून चालतच आलो, वाटेत वडापाव हाणून. इथून आत पार ठाण्यापर्यंत सुमारे १०४ चौरस किलोमीटर जंगल आहे.

इथून घरी गेलं की पहिला प्रश्न ठरलेला. बिबट्या दिसला का? अहो, बिबटे आहेत, पण आपण दिवसाउजेडी गप्पा ठोकत, चिवड्याची पिशवी कुरकुरत चाललोय, तो कशाला समोर येईल? त्याच्या नादात बाकी जंगल बघायचं राहून जातं. म्हणून आज फक्त एका झुडपासाठी आलोय.

चला, आत आलो. कॅमेरा खाली घे जरा. ही बघा, कारवी. पान हातात धरा, दोन्ही बाजूंनी कसं खरखरीत लागतं. हिच्या सरळसोट काठ्यांचा कूड करून, वर शेणमातीचा लेप देऊन घराच्या भिंती उभ्या राहतात. पाड्यांवरच्या माणसांना हे मी सांगायला नको.

गंमत पुढेच आहे. कारवी सात वर्षं नुसती पानं मिरवते आणि आठव्या वर्षी अख्खा डोंगर एकदम जांभळा होतो. इथे २०१६ साली फुलली, मग २०२४ साली. बी धरलं की झुडूप मरतं. वाळलेली बोंडं तशीच काठीवर राहतात आणि पुढच्या पावसाचं पाणी लागलं की तडकतात. तट्, तट्! बी लांब उडतं. त्या दिवसांत शांत उभं राहिलात तर ऐकूही येतं. आता तुम्हाला दिसतील ती २०२४ च्या फुलांची पोरं. पुढचा बहर २०३२ च्या आसपास. मोबाइलमध्ये रिमाइंडर लावा, मी लावलाय.

कान्हेरी लेणी गेटापासून सहा-सात किलोमीटरवर. शंभराहून जास्त लेणी, काळ्या बसाल्टमध्ये कोरलेली. लोक मोठ्या चैत्यगृहात, म्हणजे बौद्ध भिक्खूंच्या प्रार्थनेच्या दालनात, सेल्फी काढतात आणि परत फिरतात. तुम्ही वर चढा. कातळावर बोटभर खोल पन्हळी दिसतील, त्यांच्या मागे मागे जा. त्या पावसाचं पाणी एकेका लेण्याजवळच्या टाक्यात आणून सोडतात. इथल्या शिलालेखांत या टाक्यांना ‘पोढी’ म्हटलंय. पाऊस संपल्यावर भिक्खूंना डोंगरावर राहायचं तर पाणी साठवायलाच हवं. पुढे शहराने त्याच जंगलात मोठ्या मापाने तेच केलं, विहार आणि तुळशी हे दोन्ही तलाव याच हद्दीत आहेत.

आता कामाचं. सोमवारी उद्यान बंद. शिळोंड्याच्या ओढ्याची पायवाट करायची असेल तर परस्पर घुसू नका, निसर्ग माहिती केंद्रात आधी विचारा, वाटाड्या बरोबर घ्या. पावसाळ्यात शेवाळलेल्या दगडावर चप्पल टिकत नाही. मी एकदा सपशेल बसलोय ओढ्यात, पँट अजून हिरवी आहे. आणि खाणं उघड्यावर काढू नका, माकडं पिशवीसकट नेतात.

दुर्बीण आणलीच असेल तर पहिली पानगळीच्या दिवसांत कांडोळावर रोखा. पांढरंफटक खोड, एकही पान नाही. संध्याकाळी बघितलंत तर त्याला भुताचं झाड का म्हणतात ते कळेल. मात्र गेट बंद व्हायच्या आत बाहेर या!