पाणी उतरतं तेव्हा मासा कुठे जातो?

मंडळी, सुरुवात दोन आकड्यांनी करतो. ४९६.८३ आणि ४९१.०३. पहिला आकडा भीमेवरचं आपलं उजनी धरण पूर्ण भरल्यावरच्या पातळीचा, समुद्रसपाटीपासून मीटरमध्ये. दुसरा मृतसाठ्याच्या पातळीचा, म्हणजे जिच्या खालचं पाणी एरवी वापरासाठी धरत नाहीत; तिच्या वरचं ते उपयुक्त. दोन्हींत अंतर किती? पाच मीटर ऐंशी सेंटिमीटर. म्हणजे साधारण दुमजली घराची उंची. आणि उजनीचा ५३.५७ टीएमसीचा (टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट) सगळा उपयुक्त साठा या एवढ्याशा उंचीत बसतो.

बसतो, कारण तो आडवा पसरतो. कोयनेचा एकूण साठा १०५ टीएमसी, उजनीचा ११७. फार फरक नाही. पण कोयना डोंगरांच्या अरुंद खोऱ्यात उभी आहे आणि भीमा इथे सपाट माळावरून वाहते. म्हणून भरलेल्या उजनीचं पाणी सुमारे २९ हजार हेक्टरांवर पसरतं, कोयनेच्या जवळपास अडीच पट. उन्हाळ्यातल्या मासेमारीबद्दल आज मी जे सांगणार आहे, त्यातलं बरंचसं या सपाटपणातून निघतं. कोयनेत पाणी मीटरभर उतरलं तर काठ थोडा उघडा पडतो. उजनीत मीटरभर उतरलं की काठ पार लांब पळतो. काल जिथे होडी बांधली होती, तिथे आठवड्यानं चिखल असतो आणि पुढच्या आठवड्यात त्याला भेगा पडलेल्या असतात.

पाणी असं आक्रसलं की त्यातला मासा जातो कुठे? जात कुठेच नाही. तो दाटीवाटीनं राहू लागतो. एप्रिल-मेमध्ये जाळं जड लागतं आणि भिगवण, इंदापूरच्या बाजारात आवक वाढते, ते यामुळे. धरणात मासा वाढलेला नसतो, तो गोळा झालेला असतो. या दोन गोष्टींत गल्लत केली की पुढच्या वर्षाचा हिशोब चुकतो. आजच्या व्याख्यानात मुद्दा म्हणाल तर एवढाच आहे. पण तो नीट कळायचा तर पाण्याच्या आत काय चाललंय ते बघावं लागेल.

वीस अंश तापमानाच्या लिटरभर स्वच्छ पाण्यात सुमारे नऊ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो. तेच पाणी तीस अंशांवर गेलं की साडेसात. म्हणजे पुरवठा घटला. मासा थंड रक्ताचा प्राणी, पाणी तापलं की त्याचं शरीरही तापतं. दहा अंश वाढले की त्याच्या शरीरातली उलाढाल ढोबळमानानं दुप्पट होते, आणि प्राणवायूची गरजही तशीच वाढते. पुरवठा कमी, मागणी जास्त. हे झालं स्वच्छ पाण्याचं. उजनीचं पाणी स्वच्छ नाही, हे तुम्ही मला सांगावं, मी तुम्हाला नव्हे.

पुण्याची मुळा-मुठा, पिंपरी-चिंचवडची पवना, तुळापूरला भीमेला मिळणारी इंद्रायणी, या सगळ्या इथेच येतात. पावसाळ्यात त्यांच्यासोबत डोंगरचं पाणी येतं. उन्हाळ्यात येतं त्यात सांडपाण्याचा वाटा मोठा. सांडपाण्यातलं नत्र आणि स्फुरद म्हणजे शेवाळाला घातलेलं खतच. त्यामुळे मे महिन्यात पाणी हिरवंगार होतं, रंग कालवल्यासारखं. हे शेवाळ दिवसा ऊन खाऊन प्राणवायू सोडतं. दुपारी तीनला मोजणी केलीत तर आकडा इतका चांगला येईल की काळजीचं कारणच वाटणार नाही. पण रात्री हेच शेवाळ श्वास घेतं आणि त्याच पाण्यातला प्राणवायू ओढून घेतं. सर्वांत वाईट वेळ पहाटेची, उजाडायच्या आधीची. मासे वर येऊन तोंड वासताना दिसतात ते तेव्हा. पाहणीसाठी येणारी माणसं दुपारी जेवण करून येतात आणि पाणी ठीक असल्याची नोंद करून जातात, ही माझी जुनी तक्रार आहे. तिला इथे टाळ्या नकोत, पुढे जाऊ या.

आता थरांचं बघू. तापलेलं पाणी हलकं असतं, ते वर राहतं. गार पाणी जड, ते खाली. थंड देशांच्या तळ्यांमध्ये वरच्या आणि खालच्या पाण्यात पंधरा-वीस अंशांचा फरक असतो. आपल्याकडे दोन-तीन अंशांचाच, म्हणून अनेकांना वाटतं की आपल्या धरणांमध्ये थर होत नसतील. होतात. पाण्याचा स्वभाव असा की चार अंशांजवळ एका अंशानं घनतेत जेवढा फरक पडतो, त्याच्या तीसपटींहून अधिक फरक तीस अंशांजवळ एका अंशानं पडतो. त्यामुळे आपल्या गरम पाण्यात दोन अंशांची तफावतही थर वेगळे ठेवायला पुरते. एकदा वेगळे झाले की खालच्या थराला हवा मिळत नाही. तळाशी कुजणारा गाळ उरलासुरला प्राणवायू संपवतो आणि तिथून सडक्या अंड्यांचा वास असलेला वायू निघू लागतो. भिंतीजवळच्या खोल पाण्यात, वारा नसलेल्या दिवसांत जाळं तळापर्यंत सोडलं तर ते रिकामं का येतं, याचं उत्तर इथे आहे. मृगळ हा तळाला चरणारा मासा. त्याला तळ परवडेनासा झाला की तो काठाच्या उथळ भागाकडे सरकतो. कटला वरच्या थरात चरतो, रोहू मधल्या. उन्हाळ्यात या तिघांच्या जागा एकमेकींवर चढतात आणि एकाच उंचीवर लावलेल्या तंगुसाच्या, म्हणजे नायलॉन दोऱ्याच्या जाळ्यात तिघंही सापडतात.

उजनीच्या उथळ भागात मात्र हे थर टिकत नाहीत, कारण वारा. दुपारनंतर वारा सुटतो आणि चार-पाच मीटरचं पाणी तळापर्यंत ढवळून काढतो. माशाच्या दृष्टीनं हा वारा उपकारकर्ता आहे. होडीतल्या माणसाच्या दृष्टीनं नाही. २१ मे २०२४ च्या संध्याकाळी कळाशी आणि कुगावच्या मध्ये वादळी वाऱ्यानं प्रवासी बोट उलटली आणि सहा जणांचा जीव गेला, हे या भागात कुणाला सांगायला नको. समुद्रात लाट लांबून येताना दिसते. पसरट धरणात लाट उठायला वेळ लागत नाही, ती आखूड असते, एकामागून एक येते आणि छोटी होडी तिच्यावर नीट चढू शकत नाही. वळिवाचे ढग पश्चिमेला किंवा दक्षिणेला उभे दिसले की जाळं तसंच सोडून काठाला यावं. जाळं सकाळी मिळतं.

कोण जगतं या पाण्यात? चिलापी. ही मूळची आफ्रिकेची. तिची पहिली जात भारतात १९५२ साली आणली गेली आणि आता उजनीत मासेमारांचं घर बऱ्याच अंशी तिच्यावर चालतं. लोक तिला नावं ठेवतात, खातातही. पाणी उतरल्यावर सुकलेल्या काठावर ताटाएवढे गोल खड्डे ओळीनं दिसतात, ते तुम्ही पाहिले असतील. ती चिलापीच्या नराची घरटी. मादी तिथे अंडी घालते आणि लगेच तोंडात घेते. पिल्लंही काही दिवस तोंडातच राहतात. याचा फायदा बघा. पाणी रोज उतरत असलं तरी तिची अंडी कोरडी पडत नाहीत, आई जिथे जाईल तिथे तीही जातात. वनस्पतींना किंवा दगडांना अंडी चिकटवणाऱ्या माशांचं तसं नाही, काठ सरकला की त्यांची विण वाळून जाते. शिवाय चिलापी पावसाची वाट पाहत नाही. पाणी उबदार असलं की वर्षातून अनेकदा विते, आणि जिथे रोहू गुदमरेल एवढ्या कमी प्राणवायूत ती तग धरते. हे धरण आपण आपल्या हातांनी तिच्या सोयीचं केलं आहे, मग तिला दोष कशाला द्यायचा.

दुसरी जात हवा पिणाऱ्यांची. मरळ आणि मागूर. मरळ दर थोड्या वेळानं वर येऊन हवेचा घोट घेते, पाण्यात प्राणवायू असो नसो. त्यामुळेच बाजारात ती जिवंत विकली जाते. गळ टाकणारे लोक हा घोट ओळखतात: शांत पाण्यावर एक बुडबुडा, मग गोल तरंग. उन्हाळ्यात गळ टाकायचा तर सकाळी ऊन चढेपर्यंत आणि दिवस कलल्यावर. मधल्या वेळात मासा सावलीला किंवा खोलात असतो आणि त्याची भूकही मंदावलेली असते. याहून जास्त गळाबद्दल मी बोलणार नाही, कारण समोर बसलेल्यांपैकी निम्मे माझ्यापेक्षा चांगले गळकरी आहेत.

जाळं उचलायच्या वेळेबद्दल बोलतो. तीस अंशांच्या पाण्यात जाळ्यात अडकून मेलेला मासा काही तासांत मऊ पडतो. संध्याकाळी लावलेलं जाळं सकाळी उशिरा उचललं तर आधी अडकलेले मासे बाजारात निम्म्या भावाचे झालेले असतात. हिवाळ्यात ही चैन चालते. एप्रिल-मेमध्ये मध्यरात्रीनंतर एक फेरी मारावीच लागते, नाहीतर आवक भरपूर आणि हातात पैसा नाही, असं होतं.

नद्यांकडे येऊ. सह्याद्रीतल्या बऱ्याच नद्या उन्हाळ्यात वाहायच्या थांबतात आणि त्यांचे सुटे सुटे डोह होतात. अख्ख्या नदीतला मासा त्या डोहांत असतो. धरणात जे मैलांवर घडतं ते इथे शंभर पावलांत घडतं. असा एक डोह साफ केला की ती नदी त्या पट्ट्यापुरती संपली. आपल्या पूर्वजांनी काही डोह देवाला दिले: महाड तालुक्यात काळ नदीवरची वाळण कोंड, वाडा तालुक्यात वैतरणेवरचं तिळसे. तिथे मासा मारत नाहीत, लोक त्याला खायला घालतात. श्रद्धेचा भाग ज्याचा त्याच्यापाशी. पण जनन करणारे मोठे महसीर मासे नेमक्या एप्रिल-मेमध्ये सुरक्षित राहिले आणि जूनमध्ये पाणी वाहू लागल्यावर वरच्या ओढ्यांत चढले, हा त्याचा रोकडा परिणाम आहे.

देवाचे नसलेल्या डोहांची कथा वेगळी. पूर्वी गेळाची फळं किंवा रामेठ्याची साल कुटून पाण्यात टाकायचे. मासा गुंगून वर यायचा. तेही काही फार भलं नव्हतं, पण त्या विषाचा जोर लवकर ओसरायचा. आता ब्लिचिंग पावडर टाकतात, वीज सोडतात, जिलेटिन फोडतात. ब्लिचिंगनं मासा मरतोच, शिवाय पिल्लं, झिंगे, खेकडे, बेडूक, पाण्यातले किडे, म्हणजे माशाचं पुढच्या वर्षाचं अन्नही मरतं. हे करणारे लोक भुकेले नसतात. सुट्टीवर आलेले असतात.

आणि मग पहिला पाऊस. दरवर्षी बातमी येते: नदीत मृत माशांचा खच, विष टाकल्याचा संशय. कधी विष असतंही. पण बहुतेकदा घडतं ते असं. गार पाऊस पडतो, वरचं पाणी थंड होऊन खाली बसतं आणि तळाचं प्राणवायू नसलेलं पाणी वर येतं. त्याच वेळी नदीपात्रात आठ महिने साचलेली घाण पहिल्या लोंढ्यासोबत येते आणि ती कुजताना उरलेला प्राणवायू जातो. त्यात आकाश ढगाळ, म्हणजे शेवाळही दिवसा प्राणवायू देत नाही. एका रात्रीत मासा मरतो, मोठा आधी, कारण त्याला लागतं जास्त. चिलापी वाचलेली आणि कटला मेलेले दिसले, तर विषाआधी प्राणवायूचा संशय घ्या. पाण्याचा नमुना पहाटेच घ्यावा, दुपारी नेलेल्या बाटलीतून काही कळत नाही.

आता मला नेहमी विचारला जाणारा प्रश्न. मग उन्हाळ्यात मासेमारी बंद करायची का? नाही. तेच तर कमाईचे दिवस आहेत. चिलापी हवी तेवढी धरा. हरकत आहे ती बारीक आसाच्या, म्हणजे बारीक भोकांच्या जाळ्याला. सरकार आणि मच्छीमार संस्था धरणात बोटुकली, म्हणजे माशांची पिल्लं सोडतात ती बोटाएवढी. कटला चांगल्या पाण्यात वर्षात किलोभर होतो, अंडी घालण्याजोगा व्हायला आणखी वर्ष लागतं. पाणी आक्रसल्यावर बारीक आसाचं जाळं ओढलं की ही सगळी बोटुकली एका हंगामात टोपल्यांत येते आणि सुकटाच्या भावानं जाते.

दुसरं, २०२४ च्या जूनच्या सुरुवातीला उजनी वजा साठ टक्क्यांच्या जवळ गेली होती. वर्तमानपत्रातला हा उणे आकडा उपयुक्त साठ्याच्या हिशोबानं असतो. मासेमारानं तो उलटा वाचायचा: मृतसाठा ६३.६६ टीएमसी, त्यातून उपयुक्त साठ्याच्या साठ टक्क्यांएवढे, म्हणजे सुमारे बत्तीस गेले, सुमारे बत्तीस उरले. उरलेलं सर्वांत खोल पाणी आहे भीमेच्या जुन्या पात्रात, आणि जनन करणारा मोठा मासा तिथेच आहे. माझी सूचना अशी की उजनी शून्याखाली गेली की पाऊस लागेपर्यंत जुन्या पात्रातले काही पट्टे संस्थांनी आपणहून जाळ्याविना ठेवावेत. सगळं पात्र नव्हे, काही पट्टे. १९८० च्या आधी, पाणी अडायच्या पूर्वी ज्यांनी त्या पात्रात मासे धरले, ती माणसं अजून गावात आहेत. पळसदेवचं जुनं मंदिर उघडं पडतं तेव्हा पात्र कुठून वळतं हे ते बोटानं दाखवतात. त्यांना होडीत बसवा, मोबाइलवर त्या जागांच्या खुणा करून घ्या, आणि कोणते पट्टे सोडायचे ते संस्थेच्या बैठकीत तुम्हीच ठरवा. वरून हुकूम आला तर तो कुणी पाळणार नाही, हे मला माहीत आहे आणि तुम्हालाही.