दोन डाव्या चपला

नमस्कार श्रोतेहो.

आज सकाळी उठल्यावर तुम्ही पहिल्यांदा काय बघितलंत? मोबाईल सोडून सांगा. दारात सडा घालताना, नळाला पाणी आलं म्हणून धावताना, परड्यात फुलं काढायला गेलात तेव्हा. फुलं काढली असणार, देवाला वाहिलीही असणार. पण त्यातलं एखादं फूल बघितलंत का? काढलंत का, असं विचारत नाही मी. बघितलंत का?

मला विषय मिळालाय तो असा, की रोजच्या जगण्यात निसर्गाचं रूप न्याहाळत देवाची स्तुती कशी करावी. विषय भारदस्त आहे. माझ्याकडं त्यावर सांगण्यासारखं एकच वाक्य आहे, आणि ते मी दोन-तीनदा म्हणणार आहे, कारण रेडिओवर मागचं पान उलटून बघता येत नाही. वाक्य असं : आधी बघायचं, मग हात जोडायचे. आपण करतो उलटं. आधी हात जोडतो, डोळे मिटतो आणि मिटल्या डोळ्यांनी यादी वाचायला लागतो. पोराची नोकरी, पोरीचं लग्न, उसाचं बिल. देव ऐकत असेलही. पण ही झाली मागणी. स्तुती म्हणजे काय, तर जेवायला बसल्यावर पहिल्या घासाला तोंडातून ‘वा’ निघतं ना, ती. रांधणारीला तेवढं एक ‘वा’ पुरतं. देवाला ते शेवटचं कधी म्हटलं होतं?

संतांचे अभंग तुम्हाला पाठ आहेत, ते मी इथं म्हणून दाखवत नाही. माझा आवाज त्या लायकीचा नाही आणि आपल्या भागात भजनी मंडळांना तोटा नाही. जाता जाता एवढंच, की भजनाला चार दिशांना चार कर्णे कशाला लागतात हे मला अजून कळलेलं नाही. देव काय वेंगुर्ल्याला राहतो?

असो. बेळगावच्या किल्ल्यात कमल बस्ती आहे, नेमिनाथांची, 1204 साली बांधलेली. शाळेच्या सहलीत गेला असाल आणि डबा खाऊन परत आला असाल. आता पुन्हा जा. मंडपात उभं राहून मान वर केली की छतातून दगडी कमळ खाली उमललेलं दिसतं, पाकळीवर पाकळी, पाकळीवर पाकळी. मला दर वेळी वाटतं, हे घडवणारा माणूस आधी कुठल्यातरी तळ्याच्या काठावर तासन्‌तास नुसता बसला असणार. छिन्नी त्यानं नंतर उचलली. म्हणजे तेच. आधी बघायचं.

आणि त्यासाठी लांब जायला नको. गोकाकचा धबधबा बघायला आपण गाडी करून जातो. 52 मीटरवरनं घटप्रभा कोसळते, बघावीच. पण आपण भात खाणारी माणसं, आणि भाताचं फूल किती जणांनी बघितलंय? शहापूर, वडगाव, यळ्ळूरच्या शिवारात बासमती निसवली की बांधावरनं जाणाऱ्याला वास येतो, तेवढं ठाऊक असतं. पण सकाळी ऊन जरा वर आलं की लोंबीतली ती बारकी फुलं उघडतात, पिवळट तुरे बाहेर लोंबतात, आणि तास-दोन तासांत फूल मिटतं. मिटलं की मिटलं, परत उघडत नाही. आत दाणा भरायला लागतो. ताटातल्या एकेका शिताचं एकेक फूल होतं, श्रोतेहो, आणि ते त्या सकाळी तेवढा वेळच उघडं होतं. आपण त्या वेळी बहुधा पेपर वाचत होतो.

आता मूळ गोष्ट. घरचे म्हणतात ही मी प्रत्येक लग्नात सांगतो. सांगतो खरा.

बावीस-तेवीस वर्षं झाली. मे महिना सरत आलेला. कणकुंबीला पाहुण्यांकडं लग्न होतं. कणकुंबी म्हणजे आपल्या मलप्रभेचा उगम. माउलीच्या देवळापाशी निघालेलं पाणी पार कूडलसंगमला जाऊन कृष्णेला मिळतं. लग्न झालं, जेवणं झाली, आणि मी बेळगावची शेवटची गाडी धरली. दुपारी वळीव चांगला पडून गेलेला. खिडकीतनं मातीचा वास येत होता, पण माझं लक्ष घड्याळाकडं. दुसऱ्या दिवशी सकाळी आठला कामावर हजर व्हायचं होतं.

जांबोटी यायच्या आधी, ऐन जंगलात, गाडीनं दोन आचके दिले आणि बसली. ड्रायव्हर खाली वाकून बघून आला आणि त्यानं कंडक्टरकडं बघून नुसती मान हलवली. कंडक्टर ओरडला, ‘‘इळीरी, इळीरी! उतरा सगळे.’’ दुसरी गाडी येईल तेव्हा येईल. तेव्हा प्रत्येकाच्या खिशात फोन नव्हता हे ध्यानात घ्या. आम्ही तीसेक माणसं. एक बाळ रडतंय, एकाच्या पिशवीत कोंबडा, माझ्या हातात लग्नातल्या लाडवांचा पुडा. मी रस्त्याच्या कडेला उभा राहून वर्तमानपत्राला पाठवायचं पत्र मनातल्या मनात लिहीत होतो. तिसऱ्या परिच्छेदापर्यंत आलो होतो, आणि तो परिच्छेद फार जोरकस झाला होता.

तेवढ्यात एक आज्जी उतरली. नऊवारी लुगडं, काखेत फणस. फणस तिनं खाली ठेवला, आणि मग पायातल्या चपला काढून नीट शेजारी-शेजारी ठेवल्या.

मी म्हटलं, ‘‘आज्जी, पावसाचं किडूकमिडूक असतंय, चपला घाला की.’’

म्हणाली, ‘‘तू देवळात चपला घालून जातोस काय रं?’’

‘‘इथं कुठलं आलंय देऊळ?’’

‘‘वर बघ की. आणि त्या कंडक्टरला सांग, गाडीचे दिवे घालव म्हणून. काय दिसंना झालंय.’’

मी नाही सांगितलं. मला वाटलं, म्हातारी काहीतरी बोलालीय. पण पलीकडनं कोणीतरी हाक दिली, ‘‘लाईट आफ माड्री!’’ आणि दिवे गेले.

पहिल्यांदा गच्च काळोख. मग रस्त्याच्या पल्याड एक ठिपका. मग दोन. डोळे सरावले तसं कळलं, की समोरच्या जांभळीवर बुंध्यापासून शेंड्यापर्यंत काजवे बसलेत. एक फांदी पेटायची, तिच्या मागनं दुसरी, तिच्या मागनं सबंध झाड, आणि मग सगळं एकदम विझायचं. पुन्हा काळोख. पुन्हा वरनं खाली उजेडाची लाट. सौंदत्तीच्या डोंगरावर पौर्णिमेला भंडारा उधळतात, तो हवेत क्षणभर तरंगतो, तसं ते झाड तरंगत होतं. मागची झाडंही तशीच. जंगलात पार आतपर्यंत.

शास्त्र थोडक्यात सांगतो, कारण ते तुम्हाला पुस्तकात मिळेल. काजवा हा भुंगेऱ्याच्या जातीचा किडा. पोटाच्या टोकाशी रसायन असतं, त्याला प्राणवायू मिळाला की उजेड होतो, आणि त्या उजेडाला आच जवळजवळ नसते. नर मादीला खूण करतो, मादी उत्तर देते. अळी ओल्या मातीत गोगलगाई खात महिनोन्‌महिने काढते, आणि पंख फुटल्यावरचं हे आयुष्य मोजक्या आठवड्यांचं. म्हणून गावोगावी जे हायमास्ट दिवे लावत सुटलेत त्यांचा मला राग आहे. एवढ्या उजेडात बिचाऱ्याची खूण तिला दिसायची कशी? दिवा पाहिजे, मान्य. देवराईच्या तोंडाशी कशाला पाहिजे?

तर, आम्ही बघत होतो. बाळ रडायचं थांबलं होतं. कोंबडासुद्धा गप्प. आणि कोणीतरी मोठ्यानं म्हणालं, ‘‘वा!’’ वळून बघतो तर ड्रायव्हर. हात ग्रीसनं माखलेले, तोंड उघडं. सगळे आपल्याकडं बघतायत म्हटल्यावर तो लाजला आणि पुन्हा इंजिनाकडं गेला. पण ते ‘वा’ म्हणजे त्या संध्याकाळची आरती होती असं मी समजतो.

आज्जीनं मात्र आता हात जोडले. आधी पोटभर बघितलं, मग जोडले. ओठ हलले. मला राहवेना. म्हटलं, ‘‘काय मागितलासा, आज्जी?’’

‘‘मागतोय कशाला? बघितलं म्हणून सांगितलं.’’

‘‘म्हणजे?’’

‘‘लेकीनं डबा पाठवून दिला, तर पोचला म्हणून सांगायला नको व्हय? ती तिकडं वाट बघत असती.’’

श्रोतेहो, मी देवावरची बरीच प्रवचनं ऐकली. काही झोपेत ऐकली. पण इतक्या वर्षांत डोक्यात राहिलं ते एवढंच. डबा पोचला म्हणून सांगायचं. रोज येतो की डबा. भाताचं फूल येतं, मिरगाला तो लाल मखमली किडा मातीतनं वर येतो, पहाटे कुंपणावरच्या कोळ्याच्या जाळ्यात दव भरतं आणि आपण ते जाळं केरसुणीनं काढून टाकतो. डबा परत पाठवल्यासारखं. पोचल्याचं सांगतंय कोण?

त्यानंतर एकेकानं चपला काढल्या. कोणी सांगितलं नाही. कंडक्टरनं बूट काढले, मोज्यांवर उभा राहिला. मला लाज वाटली आणि मीही काढल्या. माझी चप्पल अथणीची. जग तिला कोल्हापुरी म्हणतं, म्हणू दे, पण 2019 साली कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं त्यात आपला बेळगाव जिल्हाही आहे, हे पाहुण्यांना सांगत चला. पाऊण तास आम्ही त्या ओल्या रस्त्यावर अनवाणी उभे होतो. पत्राचा तिसरा परिच्छेद मी विसरलो, तो आजतागायत आठवला नाही.

मग लांबनं दिवे दिसले. दुसरी गाडी. ड्रायव्हर घाईत, हॉर्नवर हॉर्न. काळोखात एकच धांदल, बाळ पुन्हा सुरू, आज्जीचा फणस कोणीतरी उचलला, मी पायाला लागल्या त्या चपला सरकवल्या आणि धावत चढलो. उजवा अंगठा जरा चावत होता. म्हटलं चिखल लागला असेल. रात्री घरी पोचलो, सौभाग्यवतीनं दार उघडलं, माझ्या पायांकडं बघितलं आणि चौकटीला धरून हसायलाच लागली. दोन्ही चपला डाव्या. एक माझी, पिवळ्या गोंड्याची. दुसरी तशीच, पण एक नंबर लहान, गोंडा लाल.

तर त्या रात्री जांबोटीच्या रस्त्यावर तुम्ही आमच्यात असाल, आणि घरी गेल्यावर दोन उजव्या चपला निघाल्या असतील, तर तुमची डावी माझ्याकडं आहे. दर मे महिन्यात तेल लावतो, कातडं अजून मऊ आहे.

नमस्कार.