घाटात इंजिन खडखडलं की टाकीत काय ओतायचं?

नमस्कार मंडळी. आज मोटारसायकलच्या टाकीबद्दल बोलूया, म्हणजे पंपावर गेलो की साधं पेट्रोल भरायचं का महागडं ९५ ऑक्टेनवालं, आणि काउंटरवर पेट्रोलमध्ये ओतायच्या त्या रंगीत छोट्या बाटल्या मांडलेल्या असतात त्यातली एखादी घ्यायची का. गॅरेजमध्ये दिवसाआड कोणीतरी हे विचारतंच.

मागच्या उन्हाळ्यात एक पोरगा आला, पार्सल पोचवायचं काम करतो, दिवसाला सव्वाशे किलोमीटर गाडी फिरते त्याची, आणि म्हणाला दादा, कात्रजचा जुना घाट चढताना इंजिनातून डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज येतो. त्याला कोणीतरी सांगितलं होतं की ऑक्टेन कमी पडतंय, मग काय, दोन महिने तो महागडं पेट्रोल भरत होता आणि वर दर आठवड्याला एक बाटली ओतत होता. शंभर सीसीची गाडी आणि कमाई किती ती आपल्याला माहितीये. खरं सांगतो, मला फार वाईट वाटलं.

आता हे ऑक्टेन म्हणजे काय ते नीट समजून घ्या. इंजिनात पेट्रोल आणि हवेचं मिश्रण पिस्टन दाबतो, दाबलं की ते तापतं, आणि प्लगच्या ठिणगीने पेटल्यावर आग सगळीकडे नीट पसरायला हवी. पण कधी कधी उरलेलं मिश्रण आग पोचायच्या आधीच आपलं आपण भडकतं, तोच तो खडखडाट, त्याला आपण नॉकिंग म्हणतो. तर दाबाखाली पेट्रोल किती दम धरतं, त्याचा आकडा म्हणजे ऑक्टेन. आयसो-ऑक्टेन नावाच्या द्रव्याला १०० धरलंय, हेप्टेनला शून्य, आणि बाकी सगळं त्यांच्याशी ताडून बघतात. म्हणजे या आकड्यात ताकद वगैरे काही नाही. ज्या इंजिनाला ९१ पुरतं त्यात १०० घातलं तरी ते जास्त पळणार नाही, खिसा मात्र हलका होईल. दिल्लीत डिसेंबर २०२० मध्ये १०० ऑक्टेनचं पेट्रोल आलं तेव्हा लिटरला १६० रुपये भाव होता, विचार करा.

मग जास्त आकडा लागतो कोणाला? ज्याचं कॉम्प्रेशन जास्त, म्हणजे पिस्टन मिश्रण जास्त पट दाबतो, त्याला. रॉयल एनफिल्डची आत्ताची क्लासिक ३५० साडेनऊला एक आहे, तिला साधं पेट्रोल चालतं. केटीएमची ड्यूक ३९० साडेबाराच्या वर जाते, अशा गाडीत, त्यातून कडक उन्हात मागे माणूस बसवून घाट चढायचा असेल, तर ९५ भरण्यात अर्थ आहे. गाडीसोबतच्या पुस्तकात लिहिलेलं असतं, टाकीच्या झाकणाजवळ स्टिकर पण असतो बऱ्याचदा, तो वाचा, बस. आणि तुमचं कोणी अमेरिकेत असेल आणि म्हणालं की आमच्याकडे तर ८७ वर गाड्या पळतात, तर गोंधळू नका, तिथे दोन वेगळ्या चाचण्यांची सरासरी लिहितात, तिथलं ८७ म्हणजे आपल्याकडचं ९१-९२ च्या आसपास.

त्या पोराच्या गाडीत काय निघालं माहितीये? कार्ब्युरेटर, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग, आणि इंजिन यांच्या मधल्या मॅनिफोल्डच्या रबराला चीर गेली होती. तिथून फुकटची हवा आत जायची, मिश्रण पातळ व्हायचं, म्हणजे हवा जास्त आणि पेट्रोल कमी, इंजिन तापायचं आणि चढाला खडखडायचं. रबर बदललं, इंजिनाच्या हेडमध्ये बसलेला कार्बन खरवडला, प्लग चुकीचा लावलेला होता तो बदलला. आणि त्याला सांगितलं, की चौथ्या गिअरमध्ये गाडी ओढत नेऊ नको, चढ आला की एक गिअर उतर. बाटली ओतून यातलं काहीही सुटलं नसतं.

बाटल्यांचं पण सांगतो. ऑक्टेन बूस्टरवर लिहितात की इतके पॉइंट वाढतील, पण बऱ्याच बाटल्यांवर दहा पॉइंट म्हणजे ऑक्टेनचा एकच आकडा असतो, म्हणजे तीस पॉइंट वाढले तरी ९१ चं ९४ होणार, त्यापेक्षा सरळ ९५ भरा की. काहींमध्ये मँगनीज किंवा लोखंडाची संयुगं असतात, त्यांचा थर प्लगवर बसतो. नव्या गाड्यांत कार्ब्युरेटरऐवजी पेट्रोल फवारणारा इंजेक्टर असतो, त्याचा क्लीनर ही वेगळी वस्तू आहे, पॉलीइथरअमाइन हे रसायन असलेला चांगला क्लीनर इंजेक्टरवरचा मळ खरंच काढतो, गाडीचा पिकअप मेला असेल, इंजेक्टर घाण असेल, तर पुस्तक बघून एखाद्या वेळी वापरा, दर टाकीला नको. आणि फोरस्ट्रोकच्या टाकीत टूटी ऑइल, म्हणजे टूस्ट्रोक गाड्यांचं तेल, घालायची जुनी सवय आहे ना, ती कृपा करून सोडा, तेलाने ऑक्टेन उलट खाली येतो, धूर होतो, प्लग काळा पडतो. लेह-लडाखला जाणारी मंडळी डझनभर बूस्टर घेऊन निघतात, पण उंचावर हवा विरळ, सिलिंडरमधला दाब कमी, तिथे इंजिनाला ऑक्टेन कमीच लागतो.

आता इथेनॉल. हे एक प्रकारचं अल्कोहोल, हल्ली पंपावरच्या पेट्रोलात ते वीस टक्के मिसळलेलं असतं. इथेनॉलचा स्वतःचा ऑक्टेन १०८ च्या आसपास, त्यामुळे नॉकिंगच्या बाबतीत ते मदतच करतं. पण अशा मिसळलेल्या पेट्रोलात लिटरमागे ऊर्जा निव्वळ पेट्रोलपेक्षा कमी, हिशेब केला तर सहा-सात टक्के, म्हणून ॲव्हरेज थोडं पडलं तर लगेच पंपवाल्यावर संशय घेऊ नका. संशय असलाच तर फिल्टर पेपर मागा, तो तुमचा हक्क आहे, एक थेंब टाका, दोनेक मिनिटांत उडून डाग राहिला नाही तर ठीक. खरी काळजी जुन्या कार्ब्युरेटरवाल्या गाड्यांची. इंजेक्शनवाली गाडी सेन्सर बघून पेट्रोल वाढवून घेते, कार्ब्युरेटरला ते जमत नाही, मिश्रण पातळ होतं, तेव्हा जेट, म्हणजे कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल सोडणारं बारीक भोक, मिस्त्रीकडून बघून घ्या. पेट्रोलचा पाइप कडक झाला, फुगला, भेगा दिसल्या तर बदला, फार खर्च नाही त्याला.

आणि पाणी. इथेनॉल पाणी ओढून घेतं, त्यात आपला कोकणातला पावसाळा. कार्ब्युरेटरवाली गाडी दोन-तीन महिने उभी राहणार असेल तर पेट्रोल कॉक बंद करा, कार्ब्युरेटरच्या खालचा स्क्रू सैल करून कपातलं सगळं पेट्रोल काढून टाका. पावसाळ्यानंतर गाडी सुरू करायच्या आधी टाकीच्या तळातलं थोडं पेट्रोल काचेच्या बाटलीत घ्या आणि उजेडात धरून बघा. खाली वेगळा थर दिसला तर किक मारू नका, आधी टाकी रिकामी करा.